सव्वीस पायऱ्या: वडोदऱ्यातली एक बंद भुयारी वाट पुन्हा उघडताना

पार्श्वभूमी

वडोदऱ्याच्या जुन्या शहराला चार दरवाजे: लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट. मधोमध मांडवी. ज्या चौकाबद्दल लिहितोय तो या सगळ्यापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर आहे, त्याहून जास्त सांगत नाही. माणसं, मंडळं, खाती ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील इकडचे तिकडे केले आहेत.

चौकाखाली भुयारी वाट आहे. सरळ एक बोगदा नाही, तीन फाटे आहेत. एक बाजारपेठेकडून येतो, दुसरा बसथांब्याकडून, आणि तिसरा एका व्यापारी संकुलाच्या तळघरातून शेजारच्या दुसऱ्या संकुलाच्या तळघरात जातो. तिन्ही फाटे चौकाच्या बरोबर खाली एका चौकोनी दालनात मिळतात. दालनाच्या भिंतींना लागून छोटे गाळे. गिऱ्हाईक एका टोकाला उतरेल, खरेदी करत करत दुसऱ्या टोकाला वर येईल, असा बांधणाऱ्यांचा हिशेब होता. गुजराती मंडळी याला भोंयरुं म्हणतात, दांडिया बाजारातले आमचे जुने लोक भुयार. 'सबवे' हा शब्द फक्त पाटीवर.

काही वर्षं ते चाललंही. मग छत गळू लागलं, दिवे गेले, एकेक गाळ्याचं शटर खाली आलं ते वर गेलंच नाही. बसथांब्याकडच्या तोंडाला कुणीतरी साखळी लावली. मी सल्लागार म्हणून पहिल्यांदा उतरलो तेव्हा आत एकच गाळा उघडा होता: साड्यांना फॉल-पिको करून देणाऱ्या एका मावशींचा. त्यांच्या मशीनवरचा दिवा हाच दालनातला उजेड.

अडचण नेमकी काय होती

दुकानदार मंडळाच्या शेठना विचारलं तर उत्तर एका शब्दात: पाणी. खात्यातल्या अभियंत्यांना विचारलं तर अतिक्रमण. वाहतूक बघणाऱ्यांचं म्हणणं, लोकांना शिस्त नाही, खाली वाट असताना वरून पळतात. प्रत्येकाचं थोडं थोडं खरं होतं, म्हणूनच इतकी वर्षं कुणी काही केलं नाही.

मालकीचा गुंता वेगळाच. रस्त्याखालचा भाग एका खात्याचा, जिने दुसऱ्या खात्याच्या पदपथावर, तिसरा फाटा खासगी, आणि विजेचं मीटर एका मंडळाच्या नावावर जे आता अस्तित्वातच नव्हतं. दिवे गेले ते चोरीला गेले नव्हते, बिल कुणी भरायचं यावर विझले होते.

आणि एक साधी गोष्ट कुणीच मोजली नव्हती: पायऱ्या. रस्त्यापासून फरशीपर्यंत सव्वीस. १५ सेंटिमीटरची एक पायरी धरली तर जवळपास ४ मीटर उतरायचं आणि तेवढंच चढायचं. बावन्न पायऱ्या, कशासाठी? वर सुमारे १८ मीटरचा रस्ता ओलांडायला. गाड्या थोड्या थांबल्या की माणूस अर्ध्या मिनिटात पलीकडे. संध्याकाळी मी बाजारपेठेच्या तोंडाशी उभा राहून पाहिलं, दहाएक माणसं वरून गेली की एखादं खाली उतरायचं. त्यातही बरेच जण मावशींकडे जाणारे. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस, गुडघे गेलेली आजी, बाबागाडी ढकलणारी आई, यांच्यासाठी तर ही वाट नव्हतीच.

एका आजींना मी थांबवून विचारलं, खाली का नाही जात? त्या म्हणाल्या, "अहो, पायऱ्या उतरायच्या त्या वावेत. खाली पाणी तरी मिळतं. इथे काय आहे?"

हे वाक्य मी पुढे प्रत्येक बैठकीत वापरलं. गुजरातेत माणसं खाली उतरायला घाबरत नाहीत, सेवासीची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, बघा. वाव वरून उघडी असते. जसजसं खाली जाल तसतसा उजेड मजल्यामजल्यातून झिरपत येतो, हवा गार होते, आणि शेवटच्या पायरीला पाणी. आपल्या भुयारात तिन्ही गोष्टी उलट्या: उजेड नाही, हवा कोंदट, आणि पाणी नको तिथे.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ बुजवून टाकण्याचा. वर सिग्नलसह पांढऱ्या पट्ट्या आखायच्या आणि विषय संपवायचा. मला हा पर्याय सुरुवातीला आवडला होता, हे कबूल करतो. पादचाऱ्यांच्या सोयींसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं जे मार्गदर्शन आहे तेही रस्त्याच्या पातळीवरच्या ओलांडणीलाच पसंती देतं. पूल आणि भुयार हे नाइलाजाचे उपाय.

दुसरा पर्याय एका बाहेरच्या सल्लागारानं पडद्यावर दाखवला. वातानुकूलन, सरकते जिने, खाऊगल्ली, आणि पाठीमागे टोरांटो नि मॉन्ट्रियालची छायाचित्रं. टोरांटोचं 'पाथ' हे भुयारी वाटांचं जाळं ३० किलोमीटरहून लांब आहे. मॉन्ट्रियालच्या भुयारी शहराची सुरुवात १९६२ मध्ये प्लास व्हिल मारी या इमारतीपासून झाली. पण ती जाळी मेट्रोची स्थानकं आणि हजारो लोकांची कार्यालयं जोडतात, आणि वर उणे वीस अंशांची थंडी असते. आमच्या खाली मेट्रो नाही. थंडीत तर वडोदऱ्याचा माणूस मुद्दाम उन्हात चालतो.

खरी तुलना ह्यूस्टनशी होऊ शकते, कारण तिथे लोक उकाड्यामुळे खाली जातात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो तेव्हा सावलीतली वाट कुणालाही हवी असते. पण ह्यूस्टनची भुयारं कार्यालयांच्या वेळेवर चालतात, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी बहुतेक बंद. आपला बाजार नेमका तेव्हाच भरतो. शिवाय जून २००१ च्या ॲलिसन वादळात ती भुयारं पाण्यानं भरली होती. सल्लागाराच्या पडद्यावर हे नव्हतं.

तिसरा पर्याय शेठचा: गोदाम करा, भाडं येईल. तळघरात पुठ्ठे आणि कापड साठवण्याच्या कल्पनेला मी पहिल्याच दिवशी नाही म्हटलं. त्यांनी ते मनावर घेतलं आणि पुढचे दोन महिने माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले.

चौथा पर्याय बैठकीत नाही, चहाच्या टपरीवर निघाला. दोन फाटे उघडायचे, तिसरा लोकांसाठी बंद करायचा, आणि त्याच वेळी वर रस्त्यावरही ओलांडायला जागा द्यायची. ज्याला जसं जमेल तसं त्यानं जावं. खात्याला हे विचित्र वाटलं. भुयारावर खर्च करायचा आणि वरूनही जाऊ द्यायचं? मग खर्च कशाला? प्रश्न बिनतोड होता. माझं उत्तर तेव्हा अर्धवट होतं: मे महिना, पावसाची सर, शाळा सुटायची वेळ, मिरवणुका. निर्णय झाला तो या उत्तरानं नव्हे. बुजवायचा खर्च दुरुस्तीच्या जवळ जातोय असं दिसल्यानं झाला.

पाणी कुठून येतंय

आधी तीनदा आतून जलरोधक गिलावा झाला होता. तिन्ही वेळा तो लोणा लागून पापुद्र्यांनी गळून पडला. आता चौथ्यांदा भिंती आणि सांध्यांमध्ये दाबाने ग्राउट, म्हणजे फटी बुजवणारं पातळ मिश्रण, भरायचं ठरलं होतं, निविदाही तयार होती. मावशी मशीन थांबवून म्हणाल्या, "साहेब, पावसाळ्याचं सोडा. हे उन्हाळ्यातही गळतं. सकाळी नळ येतात ना, तेव्हाच टपकतं. नळ गेले की बंद."

इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नळाच्या वेळेला आम्ही खाली होतो. दालनाच्या एका कोपऱ्यातून थेंब पडायला लागले, आधी सावकाश, मग धार. बाटलीत ते पाणी धरलं आणि ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले. पाणी पिवळं पडलं. म्हणजे त्यात क्लोरीन होतं, म्हणजे हे जमिनीतलं पाणी नव्हतं, वरच्या जलवाहिनीचं होतं. खोदल्यावर जुन्या वाहिनीचा एक सैल जोड सापडला. तो बदलल्यावर ती धार थांबली. ग्राउटिंग फक्त दालनाच्या प्रसरण सांध्यापुरतं करावं लागलं, आणि निविदेतले बरेच पैसे वाचले.

हा या प्रकरणातला माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा वळणबिंदू. निविदा आठवडाभर आधी निघाली असती तर हा चौथा प्रयत्नही वाया गेला असता.

केलेली कामं

विजेचं मीटर आधी. दोन्ही खाती आणि दुकानदार मंडळ यांच्यात एका पानाचा करार झाला: बिल मंडळ भरेल, त्या बदल्यात गाळ्यांचं भाडं मंडळाकडे. तीन पानी मसुदा चार महिने फिरत होता, एका पानावर दोन आठवड्यांत सह्या झाल्या.

दोन्ही तोंडांना पायऱ्यांच्या आधी उंच उंबरठा बांधला. आधी तीन पायऱ्या चढायच्या, मग उतरायचं. मेट्रोच्या प्रवेशद्वारांना असतो तसा. उंबरठ्याच्या कडेला खाचा ठेवल्या, पूर आला की त्यात फळ्या सरकवता याव्यात म्हणून. जिन्याच्या पायथ्याशी आडवी जाळी आणि सम्प, म्हणजे पाणी गोळा होण्याचा खड्डा, सम्पात दोन सबमर्सिबल पंप, एक चालू आणि एक राखीव. विजेची पेटी खाली न ठेवता वर पदपथावर, माणसाच्या छातीच्या उंचीवर.

चाचणीच्या दिवशी टँकरनं स्वच्छ पाणी ओतलं, पंप पटकन सुरू झाले, फोटो निघाले. पहिल्या खऱ्या पावसात पंप बंद. झाकण उघडलं तर फ्लोटला (पाणी चढलं की पंप सुरू करणाऱ्या तरंगत्या खटक्याला) आणि पंपाच्या पंख्याला मांजा गुंडाळलेला, त्यात गुटख्याच्या पुड्या आणि एक चप्पल. उत्तरायणाच्या पतंगांचा मांजा जानेवारीपासून गटारांतून, छतांवरून वाहत वाहत जूनमध्ये आमच्या सम्पात पोचला होता. वडोदऱ्यात जन्मून मला हे सुचलं नाही याची लाज वाटली. मग सम्पाच्या तोंडाशी काढता येईल अशी जाळीची टोपली बसवली.

तिसऱ्या फाट्याचा निर्णय २५ मे २०२४ च्या राजकोटच्या गेमझोनच्या आगीनंतर घाईनं घ्यावा लागला. गुजरातभर अग्निसुरक्षेच्या तपासण्या सुरू झाल्या, तळघरं धडाधड सील होऊ लागली. आमच्या तिसऱ्या फाट्यात संकुलवाल्यांनी खोकी रचलेली. त्यांना तिथे कुलपाचं शटर हवं होतं. मी म्हटलं, शटर लावलं तर दालनात अडकलेल्या माणसाला बाहेर पडायचा एक रस्ता कमी होतो. शेवटी आग थोपवणारं दार बसवलं. आतून दांडा दाबला की उघडतं, तळघराच्या बाजूनं उघडत नाही. खोकी हटवायला मात्र तीन नोटिसा लागल्या.

कठड्याची चूक

उघडायच्या आठवड्यात वाहतूक पाहणाऱ्यांनी आग्रह धरला की रस्त्याच्या मधोमध लोखंडी कठडा लावा, म्हणजे लोक मुकाट्यानं खाली उतरतील. टपरीवर ठरलेल्या गोष्टीच्या हे बरोबर उलट होतं. उद्घाटनाची तारीख ठरलेली, सगळ्यांना शांत ठेवायचं होतं. मीही मान डोलावली.

पंधरा दिवसांत कठड्याची एक सळई कुणीतरी हॅक्सॉनं कापली. त्या फटीतून माणसं आडवी होऊन निघू लागली. पिशव्या आधी पलीकडे टाकायच्या, मग स्वतः. आधी लोक निदान गाड्यांकडे बघून ओलांडत होते, आता सगळं लक्ष फटीकडे. एका मुलीची ओढणी सळईत अडकली आणि तिच्या अंगावर येणारी रिक्षा थोडक्यात थांबली. दुसऱ्या दिवशी मी लेखी कळवलं की कठडा काढा. काढायला दीड महिना गेला. त्याच जागी मग ओलांडायला उंच पट्टा आणि पादचारी सिग्नल आला.

गंमत अशी की कठडा गेल्यावर खाली उतरणारे कमी झाले नाहीत. उन्हाच्या वेळी तर वाढले.

मावशींचा गाळा

गाळे वाटताना दोन्ही तोंडांजवळचे गाळे सगळ्यांना हवे होते, कारण गिऱ्हाईक तिथेच. मावशींनाही तोंडाजवळचा द्यावा असं मंडळाचं म्हणणं, इतकी वर्षं टिकल्याचं बक्षीस म्हणून. मी त्यांना मधल्या दालनातच राहायची विनंती केली आणि भाडं कमी करून घेतलं. कारण स्वार्थी होतं. संध्याकाळी सातला त्या गाळा बंद करायच्या, आणि त्यानंतर बायका त्या वाटेनं जात नसत. हे मी आधी टिपलं होतं. आता त्यांची सून साडेनऊपर्यंत बसते. कॅमेरे आहेत, चौकीदारही आहे, पण क्लासवरून येणाऱ्या मुली "काकी आहेत का?" असं जिन्यावरूनच डोकावून बघतात आणि मग उतरतात.

पूर आणि विसर्जन

२६ ऑगस्ट २०२४, जन्माष्टमी. पाऊस थांबेना, विश्वामित्री नदी चढत चढत पुढे ३५ फुटांच्या वर गेली, शहराच्या वस्त्यांत मगरी दिसू लागल्या. आमच्या भुयाराचा नियम असा होता: उंबरठ्यावर लाल रेघ, पाणी तिथवर आलं की चौकीदारानं कुणाला न विचारता दोन्ही दारं बंद करायची आणि फळ्या सरकवायच्या. 'कुणाला न विचारता' हे शब्द घालायला मला भांडावं लागलं होतं. खात्याला आधी फोन यायला हवा होता. त्याआधी महिनाभर, २७ जुलैला, दिल्लीच्या राजिंदर नगरमध्ये तळघरातल्या अभ्यासिकेत पाणी घुसून तीन विद्यार्थी गेले होते. त्या बातमीनंतर कुणी वाद घातला नाही.

चौकीदारानं रेघेपर्यंत वाट पाहिलीच नाही. पाणी चार बोटं खाली असतानाच दारं लावली. आत कुणी नव्हतं. पाणी पुढे फळ्यांवरूनही गेलं आणि दालन भरलं. पंप चालवून उपयोग नव्हता, रस्ताच पाण्याखाली, उपसून टाकणार कुठे? पेटी वर होती म्हणून वाचली. एका मोबाइल कव्हरवाल्यानं माल आतच ठेवला होता, त्याचं नुकसान झालं. माल वर काढायची सूचना कुणी द्यायची हे आमच्या कागदावर नव्हतं.

मग चिखल. आणि समोर गणपती. ७ सप्टेंबरला स्थापना, १७ ला अनंत चतुर्दशी. मंडळाला विसर्जनाआधी वाट उघडायची होती, कारण मिरवणुकीच्या दिवशी वरचा रस्ता तासन्‌तास ओलांडता येत नाही. मला उघडायची नव्हती: भिंती ओल्या, अर्धे दिवे गेलेले. मत माझ्या विरुद्ध पडलं. दिवे तात्पुरते लावून वाट उघडली.

संध्याकाळी ढोल-ताशे वर, आणि खाली दोन्ही जिन्यांवरून माणसं समोरासमोर. छतातून ढोलाचा दणका छातीत बसत होता, कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. मधल्या दालनात गर्दी थांबली. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर जिन्यावरच्या कोंडीत काय झालं ते आठवून माझे पाय गार पडले. चौकीदारानं बसथांब्याचं दार उतरणाऱ्यांसाठी बंद केलं आणि फक्त एका दिशेनं सोडायला सुरुवात केली. मावशींच्या सुनेनं तिसऱ्या फाट्याचं दार दांडा दाबून उघडलं आणि लहान मुलं घेतलेल्या बायकांना तळघराच्या जिन्यानं वर पाठवलं. दहा मिनिटांत गर्दी मोकळी झाली.

ते दार तिथे नसतं तर मी हे प्रकरण वेगळ्या सुरात लिहिलं असतं, किंवा लिहिलंच नसतं.

निष्पत्ती

दोन फाटे चालू आहेत. उन्हाळ्यात आणि शाळा सुटताना वर्दळ, थंडीत दुपारी शुकशुकाट. गाळ्यांपैकी काही अजून रिकामे. वीजबिल मंडळ वेळेवर भरतं. मिरवणुकीच्या दिवशी वाट एकेरी, आणि तसा फलक दोन्ही तोंडांना. पूर येण्याची शक्यता दिसली की माल वर काढायची सूचना आता चौकीदाराच्याच यादीत आहे. मोबाइल कव्हरवाला परत आला नाही.

वरचा सिग्नल नसता तर भुयार टिकलं नसतं, असं मला आता वाटतं. लोकांना खाली जाण्याची सक्ती नव्हती म्हणून जे उतरले ते राहिले. खात्यातल्या एकानं हेच आकड्यांत सिद्ध करून मागितलं. माझ्याकडे तसे आकडे नाहीत.

पुन्हा करायचं झालं तर

फरशीवर आणि भिंतीच्या टाइल्सवर जे पैसे गेले ते मी उजेडासाठी वापरले असते. चौकातल्या गोल बेटाखालीच दालन आहे. तिथे छताला झरोका पाडून वर उंच काठ आणि काच बसवायचा बेत होता, संरचना अभियंत्यांनी होकारही दिला होता. उद्घाटनाच्या घाईत तो मागे पडला, आणि आता वर कारंजं झालंय.

लिफ्टचंही तसंच. १:१२ च्या उतारानं ४ मीटर उतरायला नुसता रॅम्पच ४८ मीटरचा, मधले सपाट टप्पे वेगळे. तेवढा पदपथ कुठेच नाही, त्यामुळे लिफ्टला पर्याय नाही. आम्ही ती 'दुसऱ्या टप्प्यात' टाकली. दुसऱ्या टप्प्याची फाइल अजून फिरतेय, आणि चाकाच्या खुर्चीवरची माणसं वरूनच ओलांडतात.

मावशींशी मी पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं. त्याऐवजी सर्वेक्षण, नकाशे आणि गळतीचा अहवाल यांत दोन महिने घालवले.

सम्पाची टोपली आता वर्षातून दोनदा उपसतात, एकदा पावसाळ्याच्या तोंडावर आणि एकदा उत्तरायणानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात. या जानेवारीत निघालेला मांजा चौकीदारानं जिन्याच्या कठड्याला गुंडाळून ठेवला होता, मला दाखवायला.